काकूंना आलेला वास

पिकपूल नावाची एक पांढरी वाइन असते. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राला लागून खाऱ्या पाण्याची सरोवरं आहेत, तिथे कालवांची शेती चालते आणि त्याच काठांवर या द्राक्षांचे मळे आहेत. तिथली माणसं कालवांबरोबर ही वाइन पितात. मी वसईचा. पहिल्यांदा चाखली तेव्हा मला कालवं सुचलीच नाहीत, रव्यात घोळून तळलेले ओले बोंबील आठवले. "लिंबू पिळू नका, लिंबाचं काम ही वाइन करते," हे वाक्य मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या कितीतरी मराठी घरांत ऐकवलं आहे, आणि ते खरं आहे. एवढं आधी सांगतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने खरं फार थोडं आहे.

मी इथे हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलो. भांडी घासली, ट्रे उचलले, आणि शेवटी सिटीतल्या एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकाला जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी ते सांगणारा माणूस झालो. हे काम बाहेरून जादूसारखं दिसतं. तसं काही नसतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू, तुरट एवढंच सांगते. बाकी सगळं नाक सांगतं. जांभळाचा वास, मिऱ्याचा वास, पावसाने भिजलेल्या दगडाचा वास, सगळं नाकाचं काम. चांगलं नाक असलं आणि लाज न बाळगता मनात येईल ते बोलता आलं की निम्मं काम झालं.

कोविड आला आणि रेस्टॉरंट बंद पडलं. तेव्हा हेलनने मला हात दिला. हेलन ही साठीची ऑस्ट्रेलियन बाई, दक्षिण फ्रान्समधल्या एकाच कुटुंबाच्या वायनरीचा माल इथे आणणारी, आमच्या रेस्टॉरंटलाही तोच माल देणारी. तीन खोल्यांचं ऑफिस आणि एक गोडाऊन, एवढाच कारभार. रेस्टॉरंटं बंद, म्हणजे तिचंही गिऱ्हाईक बंद. मी म्हटलं, घरांत विकू. वेरिबी, ट्रुगानिनाकडे आपली माणसं खूप आहेत, सगळी घरात अडकली आहेत, रोज काहीतरी नवं रांधतायत. आपण चार बाटल्यांचा डबा पाठवायचा, सोबत काय रांधायचं ते कळवायचं, आणि शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, सगळ्यांनी झूमवर एकत्र बसून चाखायचं.

ते चाललं, आणि जोरात चाललं. पिकपूलला बोंबील किंवा सुरमई. गुलाबी रोझेला कोळंबीचं कालवण. कारिन्यान नावाच्या जुन्या वेलींच्या तांबड्या वाइनला भरली वांगी, कारण दाण्याच्या कुटाचा खमंगपणा तिला झेपतो. आणि शेवटी मस्कॅ, म्हणजे गोड वाइन, श्रीखंडाबरोबर. झणझणीत मिसळीबरोबर काय घेऊ, असं विचारणाऱ्याला मी प्रामाणिकपणे "ताक" सांगायचो, कारण तुरट तांबड्या वाइनने तिखट आणखी भडकतं. एक गृहस्थ तांबडी वाइन फ्रीझरमध्ये ठेवून वर "गोठली, बदलून द्या" म्हणायचे. एका बाईंनी संकष्टीला मेसेज केला, द्राक्षं उपवासाला चालतात, मग वाइन का नाही? मी त्यांना लिहिलं, मी कॅथलिक आहे, हा प्रश्न गुरुजींना विचारा. पुढच्या शनिवारी त्यांनी तो झूमवर सगळ्यांना विचारला आणि अर्धा तास वाद झाला. घराबाहेर पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी असलेल्या त्या हिवाळ्यात लोक शनिवारची वाट पाहायचे. मीही पाहायचो.

माझी बायको रीना एजड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते. दुसऱ्या लाटेत तिथे कोविड शिरला तो आमच्याही घरी आला. दोघंही फार आजारी पडलो नाही. चौदा दिवस घरात काढले, सरकारी हेल्थवाल्यांनी फोनवर बाहेर पडायची मुभा दिली. त्यानंतरच्या रविवारी मी सुके बोंबील भाजत होतो. रीना आतून ओरडत आली, "अरे खिडकी उघड, घर भरलं वासाने!"

मला कसलाच वास येत नव्हता. मी बोंबील नाकाशी धरला. व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली. पुढचा तासभर मी घरातली प्रत्येक बाटली आणि प्रत्येक डबा उघडत होतो. रीना दारात उभी राहून बघत होती.

"हेलनला सांग," ती म्हणाली.

"येईल परत. दोन आठवड्यांत येतं म्हणतात."

"येईल तेव्हा येईल. पण आज सांग."

मी सांगितलं नाही. माझं म्हणणं असं की हे काम गेलं तर त्या दिवसांत दुसरं कुठे मिळणार? हे खरंच होतं, पण ते पूर्ण कारण नव्हतं. नाक नसलेला वाइनवाला ही कल्पनाच मला सोसत नव्हती. शिवाय मला वाटलं, जमेल. त्या वायनरीची प्रत्येक वाइन मी शेकडो वेळा चाखली होती. रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, म्हणताना ओठ आपोआप चालतात आणि मन भलतीकडे असतं, तसं मी ग्लास फिरवायचो, नाकाशी न्यायचो, क्षणभर डोळे मिटायचो आणि पाठ असलेलं म्हणायचो. आंबटपणा जिभेला कळतच होता. तीन शनिवार गेले. कोणालाही कळलं नाही. तिसऱ्या शनिवारी एकाने लिहिलं, "जॉयल आज फॉर्मात आहे." मला ते वाचून बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

आता सुलभाकाकूंबद्दल.

ट्रुगानिनात निखिल आणि अदिती राहतात. निखिल आमच्या शनिवारच्या ग्रुपचा खांब. बरीचशी घरं त्यानेच जोडली होती. अदितीला नववा महिना लागला होता, त्यामुळे ती वाइनपासून लांब आणि कोविडला घाबरून असायची. निखिलची आई सुलभाकाकू सुनेला दिवस राहिल्याचं कळताच बाळंतपणासाठी फेब्रुवारीतच पुण्याहून आल्या आणि सीमा बंद झाल्याने इथेच राहिल्या. त्या वाइन पीत नसत. निखिलच्या शेजारी बसून मटार सोलायच्या आणि त्याने ग्लास भरला की आधी स्वतः हुंगायच्या. त्यांची ती जुनी सवय होती. पंचवीस वर्षं त्यांनी फलटणकडच्या एका दूध डेअरीत दूध तपासण्याचं काम केलं होतं. गावोगावचे कॅन यायचे, झाकण उघडलं की पहिला वास त्या घ्यायच्या आणि तेवढ्यात ठरवायच्या, घ्यायचं की परत पाठवायचं. दूध फाटायच्या दोन तास आधी त्यांना कळायचं. गाईने काय खाल्लंय तेही कळायचं. एका शनिवारी रोझे हुंगून त्या म्हणाल्या होत्या, "कलिंगडाच्या सालीच्या पांढऱ्या भागाचा वास आहे." मी दहा वर्षं ती वाइन विकत होतो आणि मला तो शब्द सापडला नव्हता. तेव्हा माझं नाक शाबूत होतं. मी तो शब्द वहीत लिहून घेतला होता.

चौथ्या शनिवारी कारिन्यान होती. चाळीसेक चौकोनी खिडक्या स्क्रीनवर. हेलनही त्या दिवशी बघायला आली होती. मराठी तिला येत नाही, पण लोकांचे चेहरे वाचता येतात. मी जुन्या वेलींबद्दल सांगितलं, माळावरच्या रानझुडपांचा वास येतोय का बघा म्हणालो. आणि निखिलने माइक उघडला.

"मेट, एक मिनिट. आई म्हणतेय हे पिऊ नको. गोणपाट भिजल्याचा वास येतोय."

लोक हसले. चांगल्या मनानेच हसले.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात बहुतेक बाटल्यांना फिरवून उघडायचं झाकण असतं, पण आमच्या फ्रेंच कुटुंबाला लाकडी बूच हवं. बुचात कधीकधी एक दोष असतो आणि त्यामुळे त्या एका बाटलीतली वाइन बिघडते. प्यायलं तर अपाय होत नाही, पण फळाचा वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा, ओल्या पोत्याचा वास येतो. काहींना तो येतच नाही. ज्यांना येतो त्यांना ग्लास नाकाशी नेण्याआधी येतो. रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक असं म्हणालं की आम्ही एक शब्द न बोलता बाटली उचलायचो आणि दुसरी आणायचो. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. मला एवढंच म्हणायचं होतं, "काकू, बरोबर आहे, बाटली खराब असेल, उद्या दुसरी आणून देतो."

पण मला वाटलं, फक्त त्यांचीच बाटली कशावरून? माझ्या समोरचीही तशीच असेल तर? सगळ्यांच्याच तशा असतील आणि मी एवढा वेळ रानझुडपांबद्दल बोलत असेन तर? मी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. काही नाही, जणू पाणी होतं. हेलन माझ्याकडे बघत होती. आणि मी घाबरलेला माणूस जे करतो ते केलं, आवाज चढवला.

"काकू," मी हसत म्हणालो, "दूध वेगळं आणि वाइन वेगळी. हा तिथल्या मातीचा वास आहे, तो ओळखायला वेळ लागतो. बाकी सगळ्यांना छान वास येतोय, तुम्हालाच वेगळा येतोय. आजकाल नाकाची काळजी घ्यायला हवी, काय?"

यावर मोठा हशा झाला. काकूही हसल्या, पण हसता हसता त्यांनी ग्लास निखिलच्या हातात परत दिला आणि मटाराचं ताट घेऊन स्क्रीनच्या बाहेर गेल्या. निखिलने ग्लास हुंगला. "मला तर काही कळत नाही, यार," तो म्हणाला. त्याच्या मागे अदिती उभी होती. ती हसत नव्हती.

तीन आठवड्यांनी पुढचे डबे आले. माझ्या भागातले डबे मीच गाडीने पोचवायचो. दारात ठेवायचे, बेल वाजवायची, मागे सरकायचं. निखिल मास्क लावून बाहेर आला. चेहऱ्यावर झोप नव्हती. "मुलगी झाली, मेट. आज चार दिवसांची आहे."

मी अभिनंदन केलं. "काकू खूश असतील."

"आई आत आहे. तिच्या खोलीत." त्याने पुढच्या खोलीच्या खिडकीकडे मान केली. "त्या शनिवारी तू म्हणालास ना नाकाचं, अदिती घाबरलीच. नाकाला भलतेच वास येणं हेपण सिम्प्टम आहे म्हणतात. टेस्ट निगेटिव्ह आली. पण रिझल्टला चार दिवस लागले, तोवर अदिती रडून रडून... मग म्हटलं डिलिव्हरी होईपर्यंत वेगळी राहू दे. आता बाळ घरी आलं तर अदिती म्हणते आणखी दोन आठवडे. मी काय बोलू? आईलाही पटलंय. ती स्वतःच बाहेर येत नाही. म्हणते, माझ्या नाकाचा आता भरवसा नाही."

आत बाळ रडायला लागलं. आणि खिडकीचा पडदा बाजूला झाला. काकू काचेमागे उभ्या होत्या, मास्क लावून. मला बघून त्यांनी हात जोडले.

"हां, आईने एक सांगायला सांगितलंय," निखिल म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या प्रोग्रॅममध्ये उगाच बोलले, राग मानू नका म्हणाली. आणि ही बाटली परत घे. एक ग्लासच काढलाय, तुम्हाला कुठे वापरता आली तर, म्हणाली."

मी बाटली घेतली. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. निखिल, नाक माझं गेलंय, तिचं नाही. एवढ्याने ते दार उघडलं असतं. काकू बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला समुद्रापार आल्या होत्या, आणि बाळ भिंतीपलीकडे रडत होतं. मी खिडकीकडे बघून हात हलवला आणि मोठ्याने म्हणालो, "नो वरीज, काकू!"

घरी येऊन बाटली ओट्यावर ठेवली. रीनाने बूच काढलं आणि नाक मुरडलं. "ई, ओलं पोतं."

मी तिला सगळं सांगितलं. तिने फोन उचलून माझ्या हातात दिला. "आत्ता."

"उद्या करतो."

"जॉयल, मी रोज अशा आज्यांना बघते. काचेच्या मागे बसलेल्या. त्यांना खरंच रोग आहे म्हणून बसतात त्या. हिला काय झालंय?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी केला नाही, तिसऱ्याही नाही. मग ते इतकं उशिराचं झालं की सांगणं आणखी कठीण झालं, आणि मी स्वतःला समजावलं की दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. दोन आठवडे संपले. त्याच सुमारास पुण्यात काका घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि भारतात जाणाऱ्या खास विमानात काकूंना जागा मिळाली. त्या गेल्या. निखिलने ग्रुपवर फोटो टाकला, पाय पसरून बसलेल्या काकू आणि पायांवर बाळ. खाली लिहिलं होतं, आजीने चार अंघोळी घातल्या.

माझं नाक फेब्रुवारीत परत आलं. गाडीत पेट्रोल भरताना. मी पंपाशी उभा राहून रडलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सगळं उघडल्यावर, पुढच्या वर्षी, वेरिबीच्या पार्कमध्ये निखिल भेटला. मुलगी चालायला लागली होती. आईची चौकशी केली तर तो म्हणाला, "बरी आहे. पण हल्ली विचित्र करते. दूध नासलंय का ते बाबांना हुंगायला लावते. गॅस चालू तर राहिला नाही ना, म्हणून शेजारणीला बोलावते. म्हणते, मला कळत नाही, माझं गेलंय."

तेव्हा मी सांगितलं. बाकावर बसून, सगळं, बाटली रीनाने हुंगली त्यासकट.

 निखिल इंग्रजीत म्हणाला, "यू स्टूड इन माय ड्राइव्हवे." आणि मग मराठीत, "बाळ रडत होतं, यार. तुला ऐकू येत होतं."

"हो."

"मला नको सांगू. तिला सांग." त्याने नंबर पाठवला आणि मुलीला उचलून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याला दोष देता येत नाही.

हेलनलाही सांगितलं. ती म्हणाली, "अरे वेड्या, मी हुंगून सांगितलं असतं ना." एवढंच. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं तिचं उत्तर इतकं छोटं होतं.

काकूंना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं लाइन कट झाली.

"काकू?"

"ऐकतेय." मग म्हणाल्या, "म्हणजे तो वास होता."

"होता, काकू. माझ्या बायकोला लगेच आला."

"मला वाटलं वयाने गेलं असेल. कॅन उघडल्यावर पंचवीस वर्षांत माझं कधी चुकलं नाही. एकदाच, परक्या देशात, चार लोकांत चुकलं, असं धरून चालले होते मी." पुढे म्हणाल्या, "बाळाचं राहिलं ते राहिलं. ते तुम्हाला परत देता येणार नाही, मलाही मागायचं नाही. पण जॉयल, तुम्ही बोललात ते सगळ्यांसमोर बोललात. सगळे हसले. आता हे मला एकटीला फोनवर सांगताय."

"मग काय करू, सांगा."

"जिथे बोललात तिथेच सांगा."

मी हो म्हणालो. पण तोवर शनिवारचा ग्रुप मोडला होता. लोकांना बाहेर पडायची मुभा मिळाली, झूमचा कंटाळा आला, कोणी घर बदललं, कोणी सिडनीकडे पॅरामॅटाला नोकरी घेतली. दोनदा सगळ्यांना निमंत्रण पाठवलं. एकदा चार घरं आली, एकदा दोन. त्यांना सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "अय्या, त्या मटारवाल्या काकू ना? नाक गेलेल्या?" त्यांच्या डोक्यात ते तसंच बसलं आहे, आणि ते मी बसवलं आहे.

हा दिवाळी अंक मात्र त्यांतल्या बहुतेक घरांत येतो, फराळाबरोबर वाचला जातो. म्हणून इथे लिहितो आहे. तुम्ही त्या शनिवारी होतात. मी काकूंची चेष्टा केली आणि तुम्ही हसलात, कारण मी या विषयातला जाणकार होतो. त्या दिवशी कारिन्यानच्या त्या बाटलीचं बूच खराब होतं. स्क्रीनवर ते ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्या सुलभा देशमुख होत्या. माझ्या नाकाला तेव्हा काहीच कळत नव्हतं. मी खोटं बोललो.